आबांच्या दाढेतलं सोनं

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. शिंदखेड्यातल्या माझ्या दवाखान्यात जवळच्या खेड्यातल्या एक अक्का खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांची खालची कवळी माझ्या हातात होती. ती हिरडीला टोचत होती, म्हणून टोचणारी कड मी घासत होते. फोन काकूंचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा होता. आवाज अगदी साधा, येताना भाजी काय आणू असं विचारावं तसा. “मनीषा, भाऊ गेले गं. चहा मागितला, मी आत गेले, कप घेऊन बाहेर आले तर मान कलली होती... तू ये.” मी “हो” म्हटलं आणि फोन ठेवला. अक्का माझ्याकडे बघत होत्या. दात नसल्यामुळे गाल आत गेलेले, शब्द नीट फुटत नव्हता, तरी त्यांनी विचारलं, “काय व्हयनं?” मी सांगितलं, धुळ्याचे भाऊ गेले, मला ज्यांनी काम शिकवलं ते. अक्कांनी लगेच हात पुढे केला. “मना दात दे पहिले. बिना दातनं काय बोलसू मी?” कवळी तोंडात बसवून, पदर सारखा करून, मग त्या म्हणाल्या, “चांगला मानूस व्हई तो. नहीते तू अशी रडती नही.” आपण रडतो आहोत हे मला तेव्हा कळलं. त्या उठायला लागल्या, म्हणाल्या, आजून थोडं टोचस, पन तू जाय, मी मंग येसू. मी त्यांना पुन्हा बसवलं आणि कड पुरती गुळगुळीत करून दिली. दहा मिनिटं लागली असतील. भाऊंनी काम अर्धवट टाकून मला स्वतःकडेही येऊ दिलं नसतं.

धुळ्यातल्या देवपुरात पांझरेच्या पुलापासून थोडं आत भाऊंचा दातांचा दवाखाना होता. पाटीवर डॉ. भास्कर असं नाव होतं, पण पेशंटपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. मी पहिल्यांदा तिथे गेले ती हातात फाइल घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जायची. मी पास झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले, पण पेढा खाता खाता लोक विचारतही होते की दातनी डाक्टर म्हणजे खरी डाक्टर शे का. स्वतःचा दवाखाना काढणं तेव्हा स्वप्नातही नव्हतं. भाऊंनी फाइल हातात घेतली, पण उघडली नाही. ती तशीच टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, “घरी म्हातारं कोण आहे?” मी म्हटलं, आजी आहे. “तिच्या तोंडात किती दात आहेत?” मला सांगता येईना. आजीच्या मांडीवर मी वाढले होते, पण तिच्या तोंडात मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ हसले. “पाच वर्षं शिकलीस आणि घरातलंच तोंड राहिलं. आज जाऊन मोज. उद्यापासून ये.” मी गावी जाऊन मोजले. अकरा होते, त्यातले तीन मुळापासून किडलेले. आजी म्हणाली, दोन वर्षं झाली, डावीकडून ती चावतच नव्हती. कोणाला सांगितलं नाही का, असं विचारलं तर म्हणाली, कोणी विचारलंच नाही.

भाऊंचा महिन्यातला पहिला गुरुवार ठरलेला असे. त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते चोपड्याच्या अलीकडच्या एका वृद्धाश्रमात जात. जुनी गाडी, मागच्या सीटवर सामानाची पेटी, पेटीवर काकूंनी दिलेला डबा. आश्रमाला तिन्ही बाजूंनी केळीची शेतं होती. चाळीसेक माणसं, बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, शेतीवर आयुष्य काढलेली. कोणाची मुलं सुरतेला, कोणाची पुण्याला, कोणाला कोणीच नाही. त्यांना रोज आंघोळ मिळे, वेळच्या वेळी गोळ्या मिळत, कपडे स्वच्छ असत. फक्त तोंड हे कोणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. केस विंचरणारी बाईही ओठांच्या आत बघत नसे. भाऊ आठ-दहा वर्षं तिथे जात होते ते एवढ्याचसाठी.

त्यांची काम करण्याची पद्धत कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. खुर्चीवर पेशंट आणि स्वतः खाली लाकडी पाटावर, म्हणजे मान वर करायचं कष्ट म्हाताऱ्या माणसाला नको. काय दुखतं हे ते कधी विचारत नसत. विचारत, “काल काय खाल्लं?” कोणी वरणभात सांगितला की पुढचा प्रश्न येई, “भाकरी कधीपासून सोडली?” तिथून मग सगळं बाहेर पडे. नवी कवळी बसवली की आमच्याकडे ती कुठे जास्त टेकते ते दाखवणारा निळा कागद असतो, तो ते वापरत, पण खरी परीक्षा काकूंच्या डब्यात असे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा. पेशंटनं एक घास तोडून, चावून, गिळून दाखवायचा. “कागद मला सांगतो, भाकरी त्यांना सांगते,” असं म्हणायचे. एखाद्या आजीनं दोन-तीन वर्षांनी भाकरीचा घास चावला की तिचा चेहरा बघण्यासारखा होई, आणि भाऊ मुद्दाम दुसरीकडे बघत, पेटीत काहीतरी शोधत.

आश्रमात मंगलाताई नावाच्या सेविका आहेत. अतिशय कामसू बाई. माझ्या पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं की या वेळी सगळ्या कवळ्या त्यांनी एकदम स्वच्छ केल्या आहेत. कशा, तर पातेल्यात पाणी घालून चांगल्या उकळून. नातवाची दुधाची बाटली त्या तशीच उकळत. सहा कवळ्या वाकड्यातिकड्या होऊन ताटात पडल्या होत्या. मला वाटलं, आता भाऊ रागावणार. ते त्या ताटाकडे बघत म्हणाले, “ताई, फोडणी राहिली बघा.” मंगलाताई आधी हसल्या, मग काय झालंय ते कळल्यावर रडायला लागल्या. भाऊंनी त्यांना पाटावर बसवलं आणि गार पाण्यात मऊ ब्रशनं कवळी कशी धुवायची ते शिकवलं. दुसऱ्या महिन्यात सहाही कवळ्या नव्या करून नेल्या. माझ्या आठवणीत भाऊ कोणावर ओरडले नाहीत. माझ्यावर ओरडायला हवं होतं, तेव्हाही नाही.

ते असं झालं. भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या गुरुवारी मी एकटीच आश्रमात गेले. तिथे ओंकारआबा होते, ऐंशीच्या पुढचे, उंच, हाडापेरानं मोठे. त्यांचा वरचा ओठ सुजला होता, ताप होता, साखर वाढलेली. वरचा पुढचा दात हलत होता आणि मुळाशी पू झाला होता. दातावर तंबाखूचा काळा थर इतका की मूळ रंग दिसत नव्हता, मधोमध एक काळा ठिपका. मी कीड समजले. संमतीच्या कागदावर आबांचा अंगठा घेतला, इंजेक्शन दिलं, दात काढला, कापूस चावायला दिला आणि औषधं लिहून दिली. काढलेला दात इतर कचऱ्याबरोबर पिवळ्या पिशवीत गेला. पिशवी संध्याकाळी धुळ्याला पोचली आणि दुसऱ्या दिवशी जाळायला गेली. आपण एकटीनं गुरुवार निभावला याचा मला आनंद झाला होता... मी घरी आईला फोन करून तसं सांगितलंही.

चार दिवसांनी मंगलाताईंचा फोन आला. आबांची सूज उतरली होती, ताप गेला होता, पण आबा जेवत नव्हते. ते दात मागत होते. “डॉक्टर, त्या दातात सोनं होतं म्हणतात.” मला काही समजेना. मग ताईंनी सांगितलं ते असं. तरुणपणी आबांनी यात्रेत बसलेल्या सोनाराकडून पुढच्या दातात बारीक सोन्याचा खिळा मारून घेतला होता. माणूस जाताना त्याच्या तोंडात तुळशीचं पान, पाण्याचा थेंब आणि गुंजभर सोनं असावं, असं आमच्याकडे मानतात. ज्यांच्याजवळ माणसं असतात त्यांच्या तोंडात घरचे ठेवतात. आबांना ती खात्री कधीच नव्हती. त्यांचे वडील कामाच्या शोधात सुरतेला पायी निघाले आणि वाटेत गेले, अनोळखी माणसांत. मी पाहिलेला काळा ठिपका म्हणजे तंबाखूनं काळा पडलेला तो खिळा होता.

मी देवपूरला भाऊंकडे गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ते ओसरीत बसले होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “दात काढायला हवा होता का?” मी म्हटलं, हो. “बरोबर. मीही काढला असता. त्यांना विचारलंस?” मी सांगितलं, कागदावर अंगठा घेतला होता. “अंगठा घेतलास. दात दाखवून विचारलंस का, आबा हा काढतेय, याच्यात काय आहे, काढून तुम्हाला देऊ का?” मी म्हटलं, नाही. मग भाऊ स्वतःचं सांगायला लागले. त्यांचे वडील शेवटच्या वर्षी जेवणावरून वाटेल तसे रागवायचे, ताट सरकवायचे. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. ते गेल्यावर अंघोळ घालताना भाऊंनी त्यांचं तोंड पुसलं आणि पाहिलं, एका तुटक्या दातानं जीभ कापत होती, जखम महिनोन्‌महिन्यांची. “मी खालच्या मजल्यावर गावाचे दात बघत होतो,” एवढं बोलून त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, “पुढच्या गुरुवारी दोघं जाऊ. माफी तू मागायची. आणि ते ‘आजोबा, आ करा’ बंद कर. घरी बोलतेस तशी बोल.”

ते त्यांनी बरोबर पकडलं होतं. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ गेलं की वर्ग हसायचा. तेव्हापासून मी घराबाहेर अहिराणी सोडून दिली होती. पेशंटशी तर पुस्तकातल्यासारखीच बोलत असे. मला ते डॉक्टरला शोभणारं वाटे.

आम्ही गेलो तेव्हा बातमी आश्रमभर झालेली होती. मी व्हरांड्यात पाय ठेवला आणि बाकावरचे एक नाना मोठ्यानं म्हणाले, “गंगाअक्का, नाकनी फुली काढी ठेव वं, डाक्टरीन उनी!” सगळा व्हरांडा हसला. गंगाअक्कांनी खरंच नाकावर पदर धरला. त्या दिवशी एकानंही तोंड उघडलं नाही. भाऊंना काल काय खाल्लं ते सांगत, ओठ मात्र मिटून घेत. भाऊंनी इतक्या वर्षांत जमवलेलं मी एका दुपारीत घालवलं होतं. आबा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खाटेजवळ खाली बसले आणि म्हटलं, “आबा, मनं चुकनं. मी तुमले इचारं नही.” मग त्यांनी मान वळवली. “कोठली शे तू?” मी म्हटलं, शिंदखेडाकडली. “मंग इतला दिन ती पुस्तकनी बोली काबर बोलत व्हती?” आबा माझ्याकडे बघत राहिले. आवाजात राग नव्हता, तेच ऐकायला जड गेलं. “पोरी, मना दात नही, तू मनं मरन लई गयी. मना बाप रस्तावर मरी गया, त्याना तोंडमा काहीच नव्हतं. मी म्हनं, आपलं सोनं आपलासंगे ऱ्हावाले पाहिजे. आते मी कसा जासू?”

गाडीत परत येताना अमळनेर मागे पडलं. नंतर मी विचारलं, “भाऊ, तुमचा यावर विश्वास आहे?” ते म्हणाले, “माझा नाही. पण तोंड माझं कुठे आहे?”

पहिला उपाय आम्हाला सोपा वाटला होता. आबांचा पुढचा एक दात गेला होता, तिथे काढता-घालता येणारी छोटी कवळी करायची आणि तिच्या दातात सोन्याचा मणी बसवायचा. तोवर मंगलाताई आबांना कसेबसे चार घास भरवत होत्या. दोन महिन्यांनी हिरडी भरल्यावर कवळी तयार झाली. मणीही छान बसला होता. आबांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, तोंडात घातली, आरशात पाहिलं. चेहरा जरा सैल झाला. मग भाऊंनी नेहमीप्रमाणे सांगितलं की झोपताना काढून पाण्यात ठेवायची, नाहीतर आत बुरशी धरते. आबांनी कवळी काढून भाऊंच्या हातात दिली. “मंग मी रातले मरानं नही का?” भाऊ इतके मोठ्यानं हसले की मंगलाताई धावत आल्या. आबाही हसले, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. पण कवळी त्यांनी परत घेतली नाही.

भाऊ हसले खरे, पण गाडीत ते विचारात होते. देवपूरला पोचल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून एक जुनी बाटली काढली. आत सोन्याच्या वर्खाच्या गोळ्या होत्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान. ते शिकत होते त्या काळात दातातला खड्डा अशा सोन्यानं भरत. एकेक गोळी स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर धरायची, खड्ड्यात ठेवायची आणि दाबणीवर, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक सळईवर, हातोडीनं ठोकत ठोकत आधीच्या सोन्यात मिसळवायची. वितळवायचं काही नाही, नुसत्या ठोक्यांनी सोनं सोन्याला धरतं. आता हे कोणी करत नाही, मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. भाऊंनीही तीस वर्षांत केलं नव्हतं. या कामाला दोन माणसं लागतात. डॉक्टर दाबणी धरतो आणि दुसरा ठोकतो. “ठोकायचं तू,” भाऊ म्हणाले. पुढचे तीन आठवडे पेशंट संपले की आम्ही प्लास्टरमध्ये बसवलेल्या जुन्या दातांवर सराव केला. माझा ठोका जोरात पडे. ते म्हणत, “दार वाजवतेयस. आत कोणी झोपलंय असं समज.”

आबांच्या खालच्या उजव्या बाजूला एक दाढ होती. घट्ट, मुळं शाबूत, वर फक्त एक लहान खड्डा. भाऊंनी आरसा धरून आबांना ती दाखवली, सगळं समजावलं, आणि विचारलं, “इथे चालेल का? हे रात्री काढावं लागणार नाही.” आबांनी जिभेनं दाढ चाचपली. “हाई मनी आखरी राही ना?” भाऊ म्हणाले, शेवटपर्यंत राहील का ते तुमच्यावर आहे. मग आबांनी माझ्याकडे बोट केलं. “आनि ती काय करी?” “ती ठोकेल.” आबांनी जरा विचार केला आणि मान हलवली.

प्रार्थनेच्या हॉलमध्ये खिडकीशी खुर्ची ठेवली, उजेड चांगला होता. दाढेभोवती रबराचा पडदा लावला, कारण थुंकीचा थेंब लागला तर सोनं धरत नाही. भाऊ पाटावर गुडघे दुमडून, कपाळावर दिवा, मी उभी. दिव्यावर गोळी, खड्ड्यात गोळी, मग ठोके. सव्वादोन तास लागले, मध्ये तीनदा थांबलो. भाऊंच्या दाबणीचा हात एकदाही हलला नाही. त्यांचा ऑपरेशन झालेला डोळा मात्र पाणावत होता आणि मंगलाताई दर थोड्या वेळानं त्यांचा गाल पुसत होत्या. व्हरांड्यातली सगळी मंडळी दारात गोळा झाली होती. पडदा काढल्यावर आबांनी जबडा हलवला, जीभ फिरवली आणि म्हणाले, “मना तोंडमा घड्याळ बसाडं का काय? किती टुकटुक करं इनी!” मग आरसा मागितला. दाढेत ज्वारीच्या दाण्याएवढं पिवळं चमकत होतं. ते पुष्कळ वेळ तोंड उघडं ठेवून बघत बसले.

भाऊंनी तेवढ्यात आपलं काम साधून घेतलं. “आबा, सोन्याला काही होत नाही. पण दाढ गेली तर सोनं जाईल. दाढ राहायची तर रोज दोनदा घासायची, तंबाखू बंद.” आयुष्यभर ब्रश हातात न धरलेल्या आबांनी तिथल्या तिथे कबूल केलं. त्यांचे हात थरथरत, म्हणून मंगलाताई घासून देऊ लागल्या. आठवडाभरातच गंगाअक्कांनी त्यांना अडवलं, “त्याना तोंडमा सोनं शे म्हनीसन त्यानंच घसशी का? मना तोंडमा काय चिखल शे?” झालं, मग सगळ्यांचीच तोंडं रोज साफ होऊ लागली. भाऊंनी त्यासाठी कित्येक वर्षं भिंतीवर तक्ते लावले होते, सेविकांना समजावलं होतं, संचालकांना पत्रं लिहिली होती. सरतेशेवटी काम झालं ते गंगाअक्कांच्या भांडणामुळे. भाऊंना याचं फार हसू येई. पुढच्या गुरुवारी गंगाअक्का स्वतःहून माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “फुली नाकमाच शे हं. मोजी ठेवेल शे.”

पुढे मी शिंदखेड्याला स्वतःचा दवाखाना काढला. पहिली खुर्ची भाऊंनीच दिली, त्यांच्याकडची जुनी, नवं कापड घालून. उद्घाटनाला आले तेव्हा आईवडिलांशी अहिराणीत बोलत बसले. वडिलांनी त्यांना जपून विचारलं, पोर चांगलं काम करते ना. भाऊ म्हणाले, “आपल्याकडून चुकलं हे सांगता येतं तिला. बाकीचं हात शिकतात.” हे वडील अजून लोकांना सांगतात. पहिला गुरुवार मात्र आम्ही दोघांनीही मोडला नाही. मी शिंदखेड्याहून थेट चोपड्याला पोचायची, ते देवपूरहून यायचे.

भाऊ गेल्याचा फोन आला त्या दिवशी मी देवपूरला पोचले तेव्हा दुपार झाली होती. भाऊंना ओसरीतच ठेवलं होतं. तुळशीचं पान आणलं, पाणी आणलं. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी काकूंना हळूच विचारलं, सोन्याचा मणी आहे का. काकूंनी गळ्याकडे हात नेला, मग थांबल्या. “नको,” म्हणाल्या, “त्यांना हे पटत नव्हतं.” कोणी आग्रह केला नाही. मी दाराशी उभी होते. काकूंचं बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी पहिला गुरुवार आला. मी एकटी गेले. आश्रमात सगळ्यांना कळलेलं होतं. व्हरांड्यात या वेळी सगळ्यांनी सरकून जागा करून दिली. मंगलाताईंनी आबांच्या खोलीत पाट आणून ठेवला. त्यावर बसायला मला जरा वेळ लागला. आबा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांचे बाकीचे दात एकेक करून गेले, ते आम्ही दाखवून, विचारून, त्यांच्या हातात देऊनच काढले. दाढ तेवढी आहे. मी विचारलं, “आबा, काल काय खादं?” त्यांनी उलट विचारलं, “भाऊना तोंडमा सोनं ठेवं का कोनी?”

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, तपासायला कोण जाणार होतं... पण त्याच खोलीत मी एकदा त्यांना काही न विचारता, न सांगता काम उरकलं होतं. मी म्हटलं, “नही आबा. तुयशीनं पान ठेवं, पानी दिधं. सोनं नही. भाऊले पटत नव्हतं.”

आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. केळीच्या बागेत पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, पुन्हा एकदा माझ्याकडून त्यांना दुखावणारं काही झालं. मग त्यांनी बोट तोंडात घालून दाढेवर ठेवलं आणि तसंच धरून म्हणाले, “हाई त्यासनंच शे. त्यासनी घरमाईन आनेल शे. मी जासू तधळ त्यासले दी दिसू.”

म्हणजे तिकडे गेल्यावर आबा भाऊंचं सोनं भाऊंना परत देणार होते. त्यांनी बोट काढलं, धोतराला पुसलं आणि तोंड मोठं उघडलं. मी दिवा लावला. दाढेतलं सोनं जसंच्या तसं होतं, काठ कुठे उचललेला नाही, फट नाही. शेकडो ठोके पडले होते त्यावर, ठोका माझा आणि खालचा स्थिर हात भाऊंचा. आतल्या बाजूला हिरडीजवळ थोडा मळ साचला होता. मी ब्रश ओला केला.

“तोपावत नीट घस,” आबा उघड्या तोंडानंच म्हणाले. “मांगल्या बाजूले ऱ्हाई जास तुनं.”